परळची प्रयोगशाळा आणि मातेचे ताट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



परळच्या हाफकिन संस्थेचे नाव निघाले की प्लेगची लस आठवते. परंतु एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या त्याच वास्तूत गरोदर मातांच्या रक्तक्षयावर जे संशोधन झाले, त्याची आठवण लालबाग-परळमध्येही फारशी कोणी काढत नाही. त्या संशोधिकेचे नाव डॉ. ल्युसी विल्स.

१८८८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि १९२० मध्ये लंडनमध्ये वैद्यकीय पदवी मिळविली. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधन पत्करले. भारतातील मातामृत्यूंच्या चौकशीत गुंतलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या बोलावण्यावरून १९२८ साली त्या मुंबईस आल्या. गिरणगावातील गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक तीव्र रक्तक्षय जडत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत. ज्या उरत त्या मोठ्या आणि अपक्व असत. कित्येक माता बाळंतपणात किंवा त्याच्या आगेमागे दगावत.

रोगजंतूंचा संशय प्रथम तपासला गेला. पुरावा मिळाला नाही. मग विल्स यांनी तळपदे या सहसंशोधकासह मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ज्यांच्या ताटात फळे, भाज्या आणि दूध अगदीच तुटपुंजे होते त्या गरीब मुस्लिम स्त्रियांत हा विकार सर्वाधिक आढळला. जातिधर्मावर बोट ठेवून तेथेच थांबणे सोपे होते. विल्स यांनी तोच आहार प्रयोगशाळेत उंदरांना देऊन पाहिला. उंदीरही रक्तक्षयाने खंगले. पण त्यांच्या अंगावरील उवांमुळे पसरणाऱ्या एका जंतूने निष्कर्षात घोटाळा झाल्याचे पुढे उघड झाले. म्हणून तोच प्रयोग माकडांवर करावा लागला.

गुण आला तो एका स्वस्त पदार्थाने. मार्माइट या नावाने विकला जाणारा, मद्य गाळताना उरणाऱ्या यीस्टचा तो अर्क. त्याने माता थोड्याच दिवसांत सुधारू लागल्या आणि १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या काळी रक्तक्षयाच्या दुसऱ्या एका घातक प्रकारावर प्राण्यांचे यकृत हा नवा उपाय मानला जाई. तो खर्चिक होता आणि शाकाहारी घराला तर अशक्यच. शिवाय शुद्ध केलेला यकृताचा अर्क मुंबईतील या विकाराला लागू पडेना, कच्चा मात्र पडे. यावरून विल्स यांनी ताडले की येथे उणीव वेगळ्याच द्रव्याची आहे. ते द्रव्य काही काळ ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले गेले.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि लॅटिनमधील ‘पान’ या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ मध्ये त्याची कृत्रिम निर्मिती साधली ती लेडर्ले प्रयोगशाळेत. तेथील संशोधनाची धुरा आंध्रचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. विल्स निवृत्तीनंतरही स्वस्थ बसल्या नाहीत. फिजी बेटांवर जाऊन त्यांनी पोषण आणि रक्तक्षयाचा अभ्यास चालू ठेवला. १९६४ साली त्यांचे निधन झाले.

आज शासकीय आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रीला लोह आणि फोलिक आम्लाची गोळी दिली जाते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव हे त्याचे एक मोठे कारण, पण फोलिक आम्लाची उणीवही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. चातुर्मासात आणि पर्वतिथींना पालेभाज्या वर्ज्य करण्याची रीत अनेक कुटुंबे पाळतात. त्या दिवसांत गरोदर सुनेच्या किंवा लेकीच्या ताटात मूग, चणे, चवळी यांसारखी द्विदल धान्ये पुरेशी असावीत, कारण त्यांतही हे द्रव्य भरपूर असते. फार वेळ शिजवून पाणी फेकून दिल्यास मात्र बरेचसे वाया जाते. उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच व्हावा. आणि गोळीची वेळ तर त्याहून आधीची. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत घातला जातो आणि तेव्हा पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. ज्या मातांना आधी असा दोष असलेले अपत्य झाले होते, त्यांना फोलिक आम्ल दिल्याने तो पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत दिसून आले. म्हणून अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्याने गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीच डॉक्टरांना भेटून ही गोळी सुरू करावी.