समेपासून समेपर्यंत



गेल्या रविवारी एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात आम्ही आठदहा मंडळी ‘भिन्न षड्ज’ हा अनुबोधपट पाहण्यासाठी जमलो होतो. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्यावर केलेले हे चित्र ताईंच्या हयातीतच पुरे झाले, ही आपल्या भाग्याची गोष्ट; कारण ३ एप्रिल २०१७ रोजी ताई गेल्या, आणि त्यानंतर त्यांच्याविषयी जे काही नवे चित्रित होईल ते इतरांच्या तोंडून येणार. ऋषभ आणि पंचम वर्ज्य असलेल्या एका पंचस्वरी रागाचे नाव चित्राला द्यावे, आणि मोगूबाईंसारख्या मातेच्या व गुरूच्या षड्जावर वाढून पुढे स्वतःचा षड्ज निराळा लावणाऱ्या गायिकेला ते इतके चपखल बसावे, यात करणाऱ्यांची रसिकता दिसते. चित्र संपले, दिवे लागले, आणि यजमानांची कॉलेजात जाणारी पुतणी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, आता मला ताईंचं एक अख्खं गाणं ऐकवा ना.”

या ‘अख्खं’ शब्दाने गेले आठ दिवस माझा पिच्छा पुरवला आहे. त्या मुलीच्या मनात चित्राने भूक उत्पन्न केली, हे त्याचे यश निर्विवाद होय. परंतु गायकांवर निघणाऱ्या अनुबोधपटांची जी एकंदर वहिवाट आपल्याकडे पडली आहे तिच्याविषयी मला आज एक अर्ज गुदरायचा आहे, आणि तो एवढाच आहे की, अशा प्रत्येक चित्रात निदान एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पुरा फेरा, समेपासून (त्याच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत, अखंड ऐकू येऊ द्यावे. त्यावर निवेदन नको, मध्ये मुलाखत नको, आणि गवयाचा आलाप चालू असताना पडद्यावर नदीचा घाट, उडते पक्षी आणि मावळता सूर्य यांची रवानगी नको.

आपण म्हणाल, यात मागण्यासारखे काय आहे? अनुबोधपट म्हणजे काही मैफल नव्हे. शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण आपल्या लोकांनी उगीच का केली आहे? ही म्हण मला पुष्कळदा ऐकवण्यात आली आहे, म्हणून तिचाच थोडा विचार करू. माझी आत्या चुलीवर भात करी. आधण आले की ती धुतलेले तांदूळ वैरी, उकळी फुटली की जाळ मागे ओढी, आणि मग पळीवर एक शीत घेऊन ते दोन बोटांत चेपून पाही. आत कणी लागली नाही की पातेले वैलावर उतरवी आणि झाकणावर निखारे ठेवी. त्यानंतर त्या झाकणाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आम्ही मुले भुकेने व्याकूळ होऊन झाकण किलकिले करू गेलो तर ती म्हणे, “वाफ घालवलीस ना रे!” तेव्हा शितावरून भाताची परीक्षा होते हे मला मान्य आहे; पण ते शीत कोणत्या क्षणी उचलायचे हे रांधणारीला ठाऊक असते, आणि ते उचलल्यावर भाताला मुरायला अवधी द्यायचा असतो. आमचा चित्रपटकर्ता काय करतो? तंबोरे जुळत आहेत, म्हणजे पाण्याला नुकते आधण येते आहे, तोच तो झाकण काढतो. गवई औचार करून ख्यालाचा मुखडा मांडतो, तांदूळ वैरले जातात, तोच झाकण पुन्हा निघते आणि एक भारदस्त आवाज आपल्याला गवयाचे जन्मगाव सांगू लागतो. बढत सुरू होते, राग वैलावर मुरू लागतो, तो पुन्हा झाकण, पुन्हा वाफ बाहेर, आणि आपल्या बोटांत चेपायला दिलेले शीत कणी राहिलेले. आणि मग लोक म्हणतात, शास्त्रीय संगीत पचायला जड असते!

आवर्तनाचाच आग्रह का, हेही सांगितले पाहिजे. अल्लादिया खाँसाहेबांची जी जयपूर-अत्रौली गायकी मोगूबाई आणि केसरबाई या दोघी गोमंतककन्यांनी आत्मसात केली, आणि पुढे मोगूबाईंकडून किशोरीताईंकडे आली, तिच्यात स्वरवाक्य लयीच्या अंगाने विणले जाते. समेवरून उठलेले वाक्य मात्रांच्या खोबणीखोबणीतून वळत पुढच्या समेवर असे येऊन विसावते की श्रोत्याचा आवरून धरलेला श्वास त्या क्षणी सुटतो. हे वाक्य दहाव्या मात्रेवर तोडले तर वाक्याचे क्रियापदच नाहीसे होते. मी एकदा एका संकलनाच्या मेजाशी बसलो होतो. संकलक तरुण होता, कामात वाकबगार होता, चित्राच्या लयीची त्याला उत्तम जाण होती. पण त्याने तान जिथे रंगली तिथेच, समेच्या दोन मात्रा अलीकडे, कात्री लावली. मी कळवळून म्हणालो, “अहो, दोन मात्रा थांबा.” तो म्हणाला, “काका, मुद्दा पोचला ना?” त्याचा दोष नव्हता, सम म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून पुन्हा सांगतो: समेपासून समेपर्यंत.

आता वेळेचा हिशेब. निर्माते म्हणतात, इतका अवकाश आणायचा कोठून? १९७० साली फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यावर एक कृष्णधवल अनुबोधपट केला. खाँसाहेब १९७४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास मोटार अपघातात गेले. तेव्हा त्यांना चालताना-बोलताना-गाताना दाखवणारा हा दस्तऐवज किती मोलाचा आहे हे मी सांगण्याची जरुरी नाही. चित्र वीसेक मिनिटांचे. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते, म्हणजे हा दोन रिळांच्या आतला मामला. आणि खाँसाहेबांचा ख्याल कोणता? अतिविलंबित झुमरा, चौदा मात्रांचा, ज्याचे एक आवर्तनच जवळजवळ मिनिटभर चालायचे. आता आपणच गणित करा: सगळे चित्र गाण्याला दिले तरी त्यात विसाएक आवर्तने मावतील, म्हणजे जेथे खाँसाहेब मैफलीत नुकते मध्यसप्तकात स्थिरावत, तेथे चित्र संपेल. शास्त्रींपुढची अडचण खरी होती आणि तिच्याशी ते प्रामाणिकपणे झुंजले. पण म्हणूनच माझी मागणी मी ख्यालाची केली नाही, रागाची केली नाही, एका आवर्तनाची केली. वीस मिनिटांतले एक मिनिट. किशोरीताईंच्या त्रितालाला तर तेवढेही लागणार नाही. अर्धेमुर्धे मिनिट पुरे.

याच्या उलट कोणी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीचा हवाला देईल. तेथेही तीन-साडेतीन मिनिटेच मिळत होती, मग तेव्हा तुमची तक्रार का नव्हती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा आत्याच्या चुलीपाशीच आहे. अब्दुल करीम खाँ तबकडीसाठी गायला बसत तेव्हा मुदत त्यांना आधीच ठाऊक असे. वाटीभर तांदळाला वाटीभराचेच पातेले ते घेत आणि तेवढा भात पुरता शिजवून देत. लहान असला तरी तो अख्खा होता. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत घालून अंतराळात पाठवण्यात आली. ती जशी गायली गेली तशी, आरंभापासून अखेरपर्यंत गेली. पृथ्वीच्या वतीने परक्यांना काही द्यायचे तर ते अखंड द्यावे हे त्या शास्त्रज्ञांना सुचले, आणि आपल्याच मुलाबाळांना देताना आपल्याला ते सुचू नये, याचे मला मनापासून दुःख होते. गवयाने स्वतः आटोपते घेणे वेगळे आणि त्याच्या पश्चात दुसऱ्याने कापणे वेगळे, हा भेद कृपा करून ध्यानी घ्या.

ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे तिने १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि शनिवारच्या रात्री साडेनऊला रेडिओ लावून बसलेल्या गावोगावच्या माणसांना दीड तास एकाच गवयाचे गाणे घरबसल्या ऐकवले. त्यात चित्र नव्हते, चरित्र नव्हते. निवेदक राग, ताल आणि साथीदारांची नावे सांगून बाजूला होई. त्या श्रवणातून किती कान तयार झाले! चित्रपटाजवळ तर डोळ्यांचीही सोय आहे. ताई स्वरमंडळ जुळवताना, एखाद्या श्रुतीसाठी पुन्हा पुन्हा तार छेडताना, सभागृहातली कुजबूज थांबेपर्यंत डोळे मिटून बसताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. राग म्हणजे एक भाववातावरण, असे ताई ‘स्वरार्थरमणी’ या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडतात; वातावरण भरायला वेळ लागतो, दार सारखे उघडझाप करून ते भरत नाही. कॅमेऱ्याने त्या वेळी निमूटपणे एका जागी बसावे. तंबोऱ्यावरच्या शिष्येचा चेहरा दिसू द्यावा, तबलजीची नजर समेकडे कशी लागते ती दिसू द्यावी, आणि... पण हा विषय मोठा आहे, तो आज राहू द्या.

काचेपलीकडून मला दोन बोटे दाखवण्यात आली आहेत, म्हणजे दोनच मिनिटे उरली. एक तजवीज मात्र सुचवल्यावाचून उठवत नाही. अशा प्रत्येक चित्रासाठी गवयाचे गाणे तासन्‌तास चित्रित होते आणि त्यातले थोडेसेच आपल्यापुढे येते. बाकीचे कोठे जाते? माझ्या माहितीत एका गायकाचे असे चित्रण कोठल्याशा कपाटात वर्षानुवर्षे पडून होते. डब्यावर ना रागाचे नाव, ना तारीख. चित्र प्रदर्शित झाले की न वापरलेले सगळे चित्रण, निदान गाण्याचे तेवढे, राग, ताल, साथीदार आणि दिवस यांची नोंद करून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या दप्तरी जमा करावे, आणि अभ्यासकाला अर्ज केल्यावर ते ऐकायला मिळावे. खर्च कोणी सोसावा, मालकी कोणाची, गवयाच्या वारसांची संमती कशी घ्यावी, हे प्रश्न आहेतच. त्यांतल्या संमतीच्या प्रश्नाविषयी मला बरेच सांगायचे होते, परंतु तांबडा दिवा लुकलुकतो आहे.

त्या मुलीला मी बुधवारी घरी बोलावले आहे. ताईंचा भूप लावणार आहे, पहिल्या षड्जापासून.