संगणकातलं लग्न टीव्हीवर



आपल्या शहराला टीव्हीची ओळख नव्यानं करून द्यायला नको. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. धूत कुटुंबानं १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीचं तंत्रज्ञान घेतलं आणि मराठवाड्यातल्या या उद्योगाचे रंगीत टीव्ही देशभरातल्या घरांत गेले. पुढे २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेही या शहरानं जवळून पाहिलं. हडकोत तर एका चौकाचं नावच टीव्ही सेंटर. रिक्षावाल्याला तेवढा पत्ता पुरतो. अशा या गावात आज घरोघरी एक साधा प्रश्न अडून बसलेला असतो: लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपमध्ये आहे, तो टीव्हीवर कसा लावायचा?

टीव्हीबद्दल रेडिओवरून बोलायचं म्हणजे गंमतच. पण त्यात एक सोय आहे. कुठलं बटण कुठे आहे ते मला दाखवता येणार नाही, म्हणून आत काय चालतं तेच सांगावं लागेल. आणि ते कळलं की बटणं सापडतात.

टीव्हीच्या मागे खोचायची ती छोटी स्टिक तुमच्याकडे असेल. गुगलचं क्रोमकास्ट २०१३ मध्ये आलं, अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये मिळू लागली. नवा स्मार्ट टीव्ही असेल तर ही सगळी यंत्रणा टीव्हीच्या पोटातच असते. या वस्तू बनल्या त्या इंटरनेटवरच्या मालिका, सिनेमे आणि गाणी दाखवण्यासाठी. महिन्याच्या वर्गणीवर चालणारा तो धंदा आहे. तुमच्या घरातल्या हळदीच्या व्हिडिओतून कंपनीला काही मिळत नाही, त्यामुळे तो लावायची वाट मुख्य पडद्यावर ठळक दिसत नाही. वाट असते, पण ती चार पायऱ्या आत. शिवाय स्टिकमध्ये जागाही बेताचीच. साध्या फायर स्टिकची साठवण ८ जीबी, आणि त्यातली बरीचशी तिच्या स्वतःच्या कारभारातच जाते.

मग लोक काय करतात? व्हिडिओ यूट्यूबवर किंवा ड्राइव्हवर चढवतात आणि टीव्हीवर तिथून उतरवतात. बेडरूममधल्या लॅपटॉपमधली फाइल हॉलमध्ये यायला आधी दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन येते. गारखेड्याहून सिडकोत जायला मुंबईमार्गे तिकीट काढण्यातला हा प्रकार. वेळ जातो, डेटा जातो, आणि घरच्या बायकामुलींचे व्हिडिओ विनाकारण परक्या कपाटात जाऊन बसतात.

तुमच्या घरचं वायफाय हे इंटरनेटचं नुसतं दार नाही. राउटरला जोडलेली सगळी यंत्रं एकमेकांशीही बोलू शकतात. लॅपटॉपकडून राउटरकडे, राउटरकडून टीव्हीकडे, एवढाच तो प्रवास. त्यात एक पैशाचाही डेटा खर्च होत नाही. इंटरनेटची केबल कुणी रस्ता खोदताना तोडली असेल, तरी हे काम चालू राहू शकतं. आणि आपल्याकडे रस्ते किती वेळा खोदले जातात, ते मी सांगायला नको.

आता थोडा हिशेब करू. लग्नाचं साधं फुल एचडी चित्रीकरण सेकंदाला ८ मेगाबिट या वेगानं साठवलेलं आहे असं धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. तासाला ३६०० मेगाबाइट, म्हणजे साधारण साडेतीन जीबी. देवक, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, जेवणावळी आणि पाठवणी धरून तीन तासांचा व्हिडिओ झाला, तर फाइल जवळपास ११ जीबीची. जुन्या वायफायवर भिंतीपलीकडे सेकंदाला ४ मेगाबाइट मिळाले, तर ही फाइल स्टिकमध्ये उतरवायला पाऊण तास लागेल. आणि एवढं करून ती ८ जीबीच्या स्टिकमध्ये मावणारही नाही.

पण तीच फाइल नुसती बघायची असेल, तर सेकंदाला १ मेगाबाइट पुरतो. म्हणजे जे वायफाय फाइल हलवायला रडतं, तेच ती दाखवायला चांगलं पुरतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की फाइल टीव्हीकडे पाठवण्याचा आटापिटा करूच नये. ती संगणकातच राहू द्यावी आणि टीव्हीला ती तिथून वाचू द्यावी.

यासाठी डीएलएनए नावाची एक पद्धत आहे. ती ठरवण्यासाठी २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. ती संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण पद्धत अजून असंख्य टीव्हींमध्ये नांदते आहे. विंडोज संगणकात कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स’ शोधा, ते चालू करा आणि तुमचे व्हिडिओ ‘व्हिडिओज’ याच फोल्डरमध्ये ठेवा. टीव्हीच्या स्वतःच्या मीडिया प्लेअरमध्ये संगणकाचं नाव दिसू लागेल. फायर स्टिक किंवा अँड्रॉइड टीव्ही असेल, तर त्यावर व्हीएलसी हे फुकट अॅप घ्या. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ते आलं. त्यात ‘लोकल नेटवर्क’ उघडलं की घरातले संगणक दिसतात. ज्यांना नीट फलकासारखी मांडणी हवी, त्यांनी संगणकावर जेलीफिन बसवावं. तेही फुकट आहे.

संगणकाचं नाव दिसलंच नाही, तर? तर बहुतेक वेळा विंडोजनं तुमचं घरचं वायफाय ‘पब्लिक’ मानलेलं असतं, रेल्वे स्टेशनवरचं असावं तसं. अशा वेळी संगणक स्वतःला लपवतो, आणि त्याचं ते बरोबरच आहे. वायफायच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडलं की तो बाहेर येतो. दुसरं कारण आपल्याकडच्या दुमजली घरांत फार दिसतं. खाली इंटरनेटवाल्यानं दिलेला राउटर, वर आपण विकत आणून जोडलेला दुसरा. टीव्ही एकावर, लॅपटॉप दुसऱ्यावर. दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालतं, म्हणून शंका येत नाही, पण ती दोन वेगळी जाळी झालेली असतात आणि यंत्रं एकमेकांना ओळखत नाहीत. दोन्ही एकाच राउटरवर आणा. पाहुण्यांसाठी म्हणून वेगळं ‘गेस्ट’ वायफाय असेल, तर टीव्ही त्यावर ठेवू नका.

आता वेगाबद्दल. राउटर वायफायची दोन नावं दाखवत असेल, तर त्यातलं पाच गिगाहर्ट्झवालं वेगवान असतं, पण भिंतीला दबतं. २.४ वालं धीमं, पण भिंत ओलांडतं. जुन्या शहरातल्या, दगड-चुन्याच्या जाड भिंतींच्या घरांत पाच गिगाहर्ट्झचा हट्ट धरू नये. टीव्ही राउटरच्या शेजारीच असेल तर सरळ वायर टाकावी. १०० मेगाबिटची साधी वायरही सेकंदाला बारा मेगाबाइट देते.

हे सगळं संगणक जागा असेल तर. तो झोपला की चित्र थांबतं. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर टीव्ही आहे पण राउटर नाही, तरीही थांबतं. आणि लॅपटॉप मुलाचा असेल, तो रविवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर पुण्याला जातो. मागे राहिलेल्या आई-वडिलांसाठी, काकूंसाठी, पेनड्राइव्हच खरा. त्याला हसू नये. आजींना रिमोटवरची तीन बटणं शिकवता येतात, नेटवर्क शिकवता येत नाही, आणि शिकवायची गरजही नाही.

पेनड्राइव्हमध्ये मात्र एक अडथळा ठरलेला. ६४ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह, फाइल पाच जीबीची, आणि संगणक म्हणतो फाइल फार मोठी आहे. लोकांना वाटतं दुकानदारानं फसवलं. दुकानदाराचा दोष नसतो. पेनड्राइव्हवर फाइलींची नोंद ठेवायच्या ज्या पद्धती असतात, त्यांतली फॅट३२ ही १९९६ पासूनची. तिनं फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा ठेवली आहे. त्या जागेत ४ जीबीच्या वरचा आकडा लिहिताच येत नाही. त्या काळी घरच्या हार्ड डिस्कच एक-दोन जीबीच्या असायच्या, चार जीबीची एक फाइल कुणाच्या डोक्यात येणार? उपाय म्हणजे पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करणं. त्यानं आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी रिकामा करून घ्या. जुन्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नसेल, तर फॅट३२ च ठेवा आणि व्हिडिओचे हळद, लग्न, वरात असे तुकडे करा. बघायलाही तेच बरं पडतं. सलग तीन तास दुसऱ्याचं लग्न कुणी बघत नाही, स्वतःचंही नाही.

कॉपी करताना पट्टी शेवटाला पोचली की लगेच ओढून काढू नका. संगणक कधी कधी ‘झालं’ म्हणतो आणि शेवटचा भाग अजून लिहीत असतो. ‘इजेक्ट’ करून मगच काढा.

चित्र दिसतं पण आवाज येत नाही, ही तक्रारही नेहमीची. अशा वेळी आवाज डीटीएससारख्या पद्धतीत बांधलेला असतो आणि तुमच्या टीव्हीकडे तिची किल्ली नसते. आवाज येतो पण पडदा काळा, असं असेल तर चित्र एच.२६५ या पद्धतीत असण्याचा संभव जास्त. ती २०१३ मध्ये आली, तुमचा टीव्ही त्याच्या आधीचा असेल. टीव्ही बदलायला धावू नका. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्राला एच.२६४, आवाजाला एएसी आणि फाइलला एमपी४ निवडा. रात्री लावून झोपा. सकाळी जी फाइल मिळेल, ती यूएसबी असलेले बहुतेक टीव्ही वाजवतात. फाइलीचं नाव रोमन अक्षरांत ठेवा आणि सुरुवात वर्षानं करा. कित्येक टीव्हींना देवनागरी नाव वाचता येत नाही, नुसते चौकोन दिसतात. मराठी उपशीर्षकं असतील, तर ती यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि नाव व्हिडिओच्या नावासारखंच द्या.

नुसता आवाज असेल तर सगळंच सोपं. पैठणला नाथषष्ठीला वडिलांच्या भजनी मंडळाचं कुणी कॅसेटवर ध्वनिमुद्रण केलं असेल, ते एमपी३ करून घ्या. १२८ किलोबिटनं तासाभराचं भजन ६० मेगाबाइटमध्ये बसतं. इतकं लहान की स्टिकच्या त्या बेताच्या जागेतही शंभर अभंग आरामात राहतील. रेडिओवाल्याला यात आनंद वाटणारच.

एक इशारा. डीएलएनए चालू केलं की तुमचं फोल्डर त्या वायफायवरच्या प्रत्येकाला दिसू शकतं. शेजारच्या मुलाला पासवर्ड दिला असेल, तर त्यालाही. म्हणून त्या फोल्डरमध्ये आधार कार्डाचे, बँकेचे कागद ठेवू नका. आणि ‘बाहेरूनही बघता यावं’ म्हणून राउटरमध्ये छेडछाड करू नका. ते काम जाणत्याचं आहे.

टीव्हीची स्टिक, पेनड्राइव्ह ही बघायची साधनं आहेत, जपायची नाहीत. मूळ फाइल संगणकात असू द्या आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात, म्हणजे बहिणीकडे किंवा मुलाकडे.

आणि ज्यांचं लग्न, निकाह, मुंज अजून संगणकापर्यंत पोचलेलीच नाही, त्यांच्यासाठी शेवटचं. साधारण २००० ते २०१० च्या काळात स्टुडिओवाल्यांनी आपल्याला व्हीसीडी आणि डीव्हीडी दिल्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या मोठ्या पडद्यावर ते धूसरच दिसणार, त्याला इलाज नाही. डीव्हीडीतलं चित्र बरं असतं, पण ते एक-एक जीबीच्या तुकड्यांत कापलेलं असतं, त्यामुळे नुसते तुकडे कॉपी केले तर मंगलाष्टक मध्येच तुटतं. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर ते तुकडे, दर्जा कमी न करता, एका फाइलीत जोडतं. या घरगुती डीव्हीडी रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेल्या असतात. तो थर उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतो, आणि मराठवाड्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. नव्या लॅपटॉपना डीव्हीडीचा खण येत नाही. तेव्हा घरात खण असलेला जुना लॅपटॉप किंवा संगणक पडून असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देण्याआधी कपाटातल्या सगळ्या डीव्हीडी त्यात घालून एकदा उतरवून घ्या.