आधी चौकशी, मग शिक्षा



येरवड्याच्या आमच्या युनियन कचेरीत टेबलावरच्या संगणकाची प्रणाली नवी केली, आणि ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे सामायिक कपाट उघडेनासे झाले. सुनावणी दुसऱ्या दिवशी! सगळे काम करणाऱ्या पोरावर तुटून पडले. आम्ही म्हटले, आधी चौकशी. मुख्य यंत्र हाकेला ओ देत होते. कागद शाबूत होते. जोडणीची ओळ तपासली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली काढलेल्या एनएफएसला तीत जुना 'यूडीपी' मार्ग सांगितलेला. आणि लिनक्सच्या ५.६ या गाभ्यापासून, म्हणजे २०२० पासून, तो मार्ग आपसूक बंदच येतो. 'टीसीपी' लिहिले, कपाट उघडले.

कारखान्यातही नियम बदलतो आणि गुन्हेगार ठरतो कामगार. म्हणून बदलापूर्वी प्रत ठेवा, दोष देण्यापूर्वी कारण शोधा.