झरणीचें सैल टोपण

वाशीम जिल्ह्यांतील धनजसारख्या गांवीं झरणीचा कारागीर जवळ नसला, तर वडिलोपार्जित झरणीचें सैल टोपण घरींच दुरुस्त करावें लागतें. तें तसेंच ठेवल्यास शाई वाळते, आणि एखादे दिवशीं टोपण खिशांत राहून झरणी जमिनीवर पडते.

प्रथम दोन्हींकडचे आटे ओलसर मऊ कापडानें पुसावे. पुष्कळदां वाळलेली शाईच आडवी येते. एबोनाइटला ऊन पाणी लावूं नये, काळा रंग विटतो. टोपणाची कड तडकलेली असेल तर तें आवळूं नये.

आटे केवळ झिजले असल्यास, स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडा लाखेचा पातळ हात धडाच्या आट्यांवर द्यावा व पुरता वाळल्यावरच टोपण बसवावें. ही लाख पुढें स्पिरिटानें काढतां येते. सेल्युलॉइडला मात्र हा उपाय वर्ज्य. स्पिरिटानें तें मऊ पडतें. पक्कड लावणाऱ्याच्या हातीं बहुधा दोन तुकडेच येतात.