विज्ञानशिक्षकाची पूर्वतयारी

(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संघाच्या या वार्षिक संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आपल्या ज्ञातीत शिक्षकी पेशा पत्करलेल्यांची संख्या लहान नाही. येथे समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची हयात खडू-फळ्याच्या सान्निध्यात गेली आहे. म्हणून विद्यार्थ्यांस उपदेश करण्याचा नेहमीचा प्रघात बाजूस ठेवून आज आम्ही शिक्षकांविषयी, त्यातही विज्ञानशिक्षकांच्या पूर्वतयारीविषयी बोलणार आहोत.

विज्ञान कृतीने शिकवावे, मुलांच्या हाती वस्तू द्याव्यात, त्यांनी पाहावे, मोजावे, ताडून घ्यावे आणि मग अनुमान काढावे, हे तत्त्व आता कोणास नवे राहिलेले नाही. साध्यासुध्या वस्तूंतून प्रयोगाची साधने कशी करावीत हे सांगणारा युनेस्कोचा प्रसिद्ध ग्रंथ १९५६ साली निघाला. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांकरिता लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकात होते. प्रयोगशाळा नसली तरी विज्ञान शिकविता येते, ही गोष्ट तेव्हापासून जगापुढे आहे. असे असूनही पुष्कळशा शाळांत प्रयोगाचे साहित्य कपाटात आणि कपाटाची किल्ली कचेरीत, असाच प्रकार आढळतो. याचे कारण काय असावे?

शिक्षक आळशी असतात, असा सोपा निकाल देण्यास आम्ही तयार नाही. काच फुटेल, तास अपुरा पडेल, अभ्यासक्रम मागे राहील, या अडचणी खऱ्याच आहेत. परंतु त्याहून खोल एक भीती आहे. प्रयोग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झाला नाही आणि एखाद्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर उत्तर काय द्यावे, ही ती भीती होय. जो शिक्षक स्वतः विद्यार्थिदशेत निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष हे सारे फळ्यावरून वहीत उतरवून घेत शिकला, त्याला या भीतीतून कोणी बाहेर काढलेलेच नसते. मनुष्य जसा शिकतो तसाच तो शिकवितो.

एक उदाहरण घेऊ. थाळीत पाणी घालून मध्यभागी पेटती मेणबत्ती उभी करावी आणि तीवर काचेचा पेला पालथा घालावा. थोड्याच वेळात ज्योत विझते व पाणी पेल्यात चढते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तो जळून संपला आणि त्याची रिकामी जागा पाण्याने भरून काढली, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे. आता हाच प्रयोग डोळे उघडे ठेवून करावा. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते, ज्योत जळत असताना नव्हे. पेला खाली टेकविताना त्याच्या कडेने बुडबुडे बाहेर पडतात. त्याच पेल्याखाली एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते. पेला तोच, त्यातील प्राणवायूही तेवढाच, मग पाणी अधिक का चढावे? उलगडा असा की, ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझताच उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास आत लोटतो. शिवाय ज्योत विझते त्या वेळी पेल्यातील सगळा प्राणवायू संपलेलाही नसतो.

या प्रयोगाला खर्च जवळजवळ नाही. परंतु ‘आणखी दोन मेणबत्त्या लावून पाहू या का?’ हा प्रश्न ज्याला सुचतो, आणि येणाऱ्या उत्तराने जो गांगरत नाही, असा शिक्षक घडविणे हे खरे काम आहे. ते शक्य आहे याचा मोठा दाखला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात घडला.

डॉ. अनिल सद्‌गोपाल यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. तिने आणि रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ने मिळून १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् भागातील, १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी नवे विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ पासून ते त्या जिल्ह्यातील सर्व शाळांत गेले आणि १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रयोगाचे उत्तर छापलेले नसे. रिकामे तक्ते मुलांनी आपल्या निरीक्षणाने भरावयाचे, आणि परीक्षेस पुस्तक-वही उघडी ठेवून बसावयाचे, अशी रीत होती.

या उपक्रमात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते शिक्षकांचे शिबिर. उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे तीन आठवडे, आणि असे तीन वर्षे, शिक्षक एकत्र जमत. जे प्रयोग पुढे मुलांनी करावयाचे, तेच ते शिक्षक टोळ्या करून स्वतः करीत. पाने गोळा करून त्यांच्या शिरा पाहत, रोपे उपटून मुळे पाहत, आणि दोहोंत काही संबंध आहे काय याचा आपसांत वाद घालीत. विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून आलेले प्राध्यापक त्यांच्यासमवेत बसत, परंतु उत्तर सांगून चर्चा आटोपती घेत नसत. शिबिर संपले की शिक्षकास वाऱ्यावर सोडले जात नसे. दरमहा जवळच्या केंद्रावर बैठक होई, तेथे वर्गात आलेल्या अडचणी मांडल्या जात, आणि शाळांना भेटी देऊन शिक्षकास धीर दिला जाई. १९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन श्री. अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते याच कार्यात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांपासून आकृती जोडण्याची त्यांची युक्ती तेथेच जन्मली. पुढे पुण्यात आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले, आणि २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

आपल्या महाराष्ट्रातही हा विचार रुजला. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात केंद्राच्या मंडळींनी ग्रामीण शिक्षकांसमवेत काम केले.

तथापि होशंगाबादचा उपक्रम ३० वर्षे चालून २००२ साली शासनाने बंद केला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविला, पण निर्णय फिरला नाही. या घटनेतून एक बोध घेण्यासारखा आहे. शिक्षक कितीही तयार झाला तरी समाज गुणपत्रिकेखेरीज दुसरे काही विचारीत नसेल, तर त्या शिक्षकाची पाठराखण करणारा कोणी उरत नाही. पालकांच्या मनात या शिक्षणाविषयी आस्था निर्माण करणे हेही शिक्षकाच्या तयारीइतकेच अगत्याचे आहे.

येथे आपल्या संघाचा संबंध येतो. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना गौरवितो; ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हाताखाली पुढची पिढी घडते, त्या शिक्षकांसाठी शिक्षणनिधीतून आपण काय खर्च करतो? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. हे तास केवळ व्याख्याने ऐकण्यात गेले तर त्यांचे चीज होणार नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. आपल्या वसतिगृहाचे सभागृह उन्हाळी सुटीत रिकामे असते. तेथे परिसरातील शाळांच्या विज्ञानशिक्षकांचे, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, शिबिर भरवावे. निवास व भोजन संघाने पाहावे. प्रयोग करताना जे फुटेल-तुटेल त्याची भरपाई निधीतून व्हावी, म्हणजे शिक्षकाच्या मनावर दडपण राहणार नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा त्याच शिक्षकांची बैठक व्हावी, कारण एका शिबिराने पेटलेला दिवा तेलावाचून फार काळ टिकत नाही. आणि पुढील संमेलनात एक तास मुलांनी केलेले प्रयोग पाहण्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे पालकांनाही ते पाहावयास मिळतील.

‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ हे वाक्य वर्गात मोकळेपणाने उच्चारणारा शिक्षक लाभला, तर मुलांस प्रश्न विचारण्याचे भय राहणार नाही. देणगीच्या कोनशिलेवर अशा शिक्षकाचे नाव कोरता येत नाही, पण निधीचा याहून उत्तम विनियोग आम्हांस तरी सुचत नाही. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.