जुन्या मोटारीचा संसार

मोटार जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावी, कीं दुरुस्त करीत करीत आणखी चार वर्षें चालवावी, हा प्रश्न श्रीमंतास पडत नाहीं. आणि ज्याच्या दारीं मोटारच नाहीं त्यासही पडत नाहीं. तो पडतो मधल्या माणसास. नवी घ्यावी तर कर्जाचा बोजा, आणि जुनी मोडींत काढावी तर तिच्यावर चालणारा धंदा बसतो, अशा कात्रींत तो सांपडलेला असतो. मोठ्या शहरांत निदान आगगाडी आहे, बस आहे, भाड्याची टॅक्सी आहे. आडगांवीं मात्र मोटार म्हणजे चैन नव्हे. ते माणसाचे पायच होत.

नांदेड जिल्ह्यांतील किनवट हें असेंच एक ठिकाण. पैनगंगेच्या कांठीं, सागवानाच्या जंगलाच्या सोबतीनें वसलेलें हें गांव १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्या सालीं तें नांदेडास जोडलें गेलें. मुदखेडाहून आदिलाबादेस जाणारा लोहमार्ग गांवावरून जातो खरा. पण डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांपर्यंत आगगाडी कोठून पोंचणार? रात्रीं-अपरात्रीं बाळंतीण दवाखान्यांत न्यावयाची, कापूस बाजारांत घालावयाचा, घरांतलीं म्हातारीं माणसें माहूरच्या गडावर रेणुकेच्या दर्शनास पोंचवावयाचीं, तर जीप किंवा मोटार हवीच. आणि ती वाटेंत बंद पडली, तर कंपनीचें दुरुस्तीघर फार दूर असतें. अशा मुलुखांत दुरुस्तीची विद्या पुस्तकांतून येत नाहीं. ती अडचणींतून येते.

ही विद्या आपल्या देशांत आजकालची नाहीं. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. १९४२ सालीं मलाया व ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं पडले, तेव्हां रबर आणि तेल या दोहोंचेही मार्ग आखडले. मग बसगाड्यांना लोखंडी भट्ट्या जोडल्या गेल्या. भट्टींत लांकडी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळावयाचा, त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु गाळून व थंड करून एंजिनांत सोडावयाचा, आणि त्यावर गाडी हांकावयाची, अशी ती युक्ति होती. एंजिनाची ताकद बरीच घटे, आणि चढणीवर गाडी धापा टाकी. वायु विषारी असल्यामुळें बंद जागेंत भट्टी पेटविणें जिवावरचें काम होतें. पण गाड्या चालल्या. युद्ध संपल्यावर लष्करानें मोडींत काढलेल्या जीपगाड्या व मालमोटारी विक्रीस निघाल्या, आणि त्यांच्या सुट्या भागांवर कित्येक कारागिरांनीं आपलीं दुकानें थाटलीं.

पुढचा काळ परवान्यांचा. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटची ११०० ही गाडी तयार होऊं लागली, आणि तीच पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं माहीत झाली. बंगालमध्यें उत्तरपाडा येथें तयार होणारी अँबेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. त्या काळीं नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अर्थात् जी गाडी हातीं आहे ती जपणें हाच शहाणपणा होता. शिवाय या गाड्यांची घडण दशकानुदशकें फारशी बदलली नाहीं. म्हणून एका गाडीचा भाग दुसरीस चाले, आणि एक गाडी मोडली कीं ती दहा गाड्यांना जीवदान देई. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निघून गेली, तीसुद्धां यंत्र थकलें म्हणून नव्हे. तेथें टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती. क्यूबा देशांत तर १९५९ च्या क्रांतीपूर्वीं आलेल्या अमेरिकन मोटारी अजून धांवतात. १९६० नंतर अमेरिकेकडून भाग येईनासे झाले, तेव्हां तेथील कारागिरांनीं रशियन गाड्यांचे भाग आणि डिझेल एंजिनें त्यांत बसवून त्यांचा संसार चालू ठेवला.

आतां प्रत्यक्ष युक्त्यांकडे वळूं. त्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग वाटेवरच्या युक्त्यांचा. पेट्रोलच्या टांकीस बारीक भोंक पडलें, तर कपडे धुण्याचा कोरडा साबण त्यावर घट्ट घांसतात. साबण पेट्रोलांत विरघळत नाहीं, म्हणून गळती तेवढ्यापुरती थांबते. रेडिएटर झिरपूं लागला, तर त्यांत मूठभर हळद सोडतात. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरत फिरत भेगेशीं येऊन अडकतात आणि फुगून ती बुजवितात. मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर गेला, कीं जुन्या गाडीच्या पंपांतच पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंपाला वाफ ओढतां येत नाहीं, आणि टांकी भरलेली असतांही गाडी जागच्या जागीं उभी राहते. अशा वेळीं पंपावर ओलें फडकें गुंडाळून घटकाभर थांबलें, कीं वाफेचें पुन्हा पेट्रोल होतें व गाडी चालूं लागते. प्लगच्या दोन टोंकांमधील अंतर मोजण्याचें साधन जवळ नसेल, तर हॅक्सॉचें पातें त्यांत घालून पाहतात. तें पातें सुमारें ०.६ मिलिमीटर जाड असतें, आणि पुष्कळ जुन्या एंजिनांना अंतरही जवळजवळ तेवढेंच लागतें.

या साऱ्या युक्त्या घरीं पोंचण्यापुरत्या आहेत, हें मात्र विसरतां कामा नये. हळद जशी भेगेंत अडकते, तशीच ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही अडकते. घरीं आल्यावर रेडिएटर धुवून त्यास डाग दिला नाहीं, तर आज वांचविलेले शंभर रुपये उद्यां एंजिन घेऊन जातात. 'गाडी तापते' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची चाल तर सर्रास दिसते. त्यानें एंजिन तापेनासें होतें खरें. पण थंड एंजिन पेट्रोल अधिक खातें आणि झिजतेंही अधिक. ताप हा रोग नसून लक्षण आहे, हें वैद्याप्रमाणें मिस्त्रीनेंही ओळखलें पाहिजे.

दुसरा वर्ग टिकाऊ काटकसरीचा. सिलिंडर झिजून त्याचा वाटोळेपणा गेला, कीं एंजिन तेल पिऊं लागतें आणि निळसर धूर सोडतें. तेव्हां नवें एंजिन घेण्याचें कारण नाहीं. सिलिंडर कातून किंचित मोठें करतात, आणि त्यांत तेवढाच मोठा पिस्टन बसवितात. कातून कातून तें फारच मोठें झालें, तर आंत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवून मूळचें माप परत आणतात. पितळी बुश लेथवर कातून मिळतात. बसलेले कमानपाटे भट्टींत तापवून त्यांना पुन्हा बांक व पाणी देणारे लोहार अजून आहेत. ही खरी दुरुस्ती होय. कारण तिच्यांत भागाचें माप आणि धातूचा गुण हीं दोन्ही सांभाळलीं जातात.

जुने भाग विकत घेतांना चोखंदळपणा हवा. मुंबईंत कुर्ला, दिल्लींत मायापुरी, चेन्नईंत पुदुपेट येथें अशा भागांचे मोठे बाजार भरले; त्यांची लहान भावंडें प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं असतात. बिडाचा भाग घेतांना बाया बाजारांत मडकें वाजवून घेतात तसा तो वाजवून घ्यावा. निर्दोष बीड खणखणतें. तडकलेलें बद्द वाजतें. तेवढ्यानें खात्री पटली नाहीं, तर भाग रॉकेलनें भिजवावा, कोरडा पुसावा, आणि त्यावर खडूची पूड पसरावी. तडा असेल तर त्यांत शिरलेलें रॉकेल झिरपून पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. टायर घेतांना केवळ नक्षी पाहूं नये. त्याच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात व पुढचे दोन वर्ष. रबर न वापरतांही कालानें कडक होतें व त्यास बारीक भेगा पडतात. म्हणून नवी दिसणारी नक्षी आणि दहा वर्षांचा आंकडा एकत्र दिसले, तर तो टायर बैलगाडीला ठेवावा. आणि विकणाऱ्याकडून पावती अवश्य घ्यावी. मीरतच्या सोतीगंज बाजारांत चोरीच्या गाड्या मोडून विकल्या जात, म्हणून तो २०२१ च्या अखेरीस पोलिसांनीं बंद पाडला. स्वस्त भागाच्या मागें कोणाची चोरीस गेलेली गाडी आहे, हें ज्याला विचारावेंसें वाटत नाहीं, त्याची काटकसर ही काटकसर नव्हे.

एवढें सांगून झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो. कोठें काटकसर करावी आणि कोठें करूं नये? यास एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक भागाविषयीं एवढेंच विचारावें: हा भाग वाटेंत दगा देईल, तर गाडी थांबेल, कीं गाडी थांबणारच नाहीं? प्लग, पंप, कार्बुरेटर, डायनॅमो हे बिघडले तर गाडी थांबते. माणूस उन्हांत बसतो, कांहींसा संतापतो, पण जिवंत असतो. तेथें हवी तितकी कल्पकता लढवावी. ब्रेक, स्टिअरिंग, पुढचे टायर, चाकाचे नटबोल्ट यांनीं दगा दिला तर गाडी थांबत नाहीं. तेथें कल्पकतेला जागा नाहीं. तेथें नवा आणि नेमका भागच हवा.

ब्रेकचेंच उदाहरण घ्या. ब्रेकचें तेल संपलें म्हणून कोणी डब्यांतलें एंजिनचें तेल त्यांत ओततो. दिसायला दोन्ही तेलेंच. पण ब्रेकमधील रबरी वाट्यांना खनिज तेल मानवत नाहीं; त्या फुगतात, अडकतात आणि फाटतात. पुष्कळ जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच नळीमार्गानें दाब पोंचतो. एका चाकाची एक वाटी फुटली, कीं चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटाच्या उतारावर, आंत दहा माणसें असतां, तो गेला तर? दहा माणसांच्या जिवापुढें तेलाच्या डब्याची किंमत ती काय? स्टिअरिंगच्या मोडलेल्या दांड्यास वेल्डिंगचा टांका मारणें हेंही त्यांतलेंच. टांक्याशेजारचा धातु तापून ठिसूळ होऊं शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास तें कळत नाहीं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेट्रोलच्या नळीस जोडणें तसेंच. पेट्रोलनें तें रबर फुगतें, गळूं लागतें, आणि गळतें तें तापलेल्या एंजिनावर. पेट्रोलची टांकी 'रिकामी आहे' म्हणून तिला वेल्डिंग करणें तर सर्वांत घातक; भरलेल्या टांकीपेक्षां रिकाम्या टांकींतली वाफ अधिक स्फोटक असते.

कायद्याकडेही लक्ष हवें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पांच वर्षांनीं ती नूतन करावी लागते. एंजिन बदललें असेल तर तशी नोंद परिवहन कार्यालयांत करून घेणें अवश्य आहे. नाहींतर अपघाताच्या वेळीं विम्याची मागणी अडते आणि पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर उरत नाहीं.

राहिला हिशेब. 'जुनें तें सोनें' ही म्हण खरी; पण 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' हीही म्हण तितकीच खरी. कोणती कधीं लागू पडते, हें वही सांगते. गाडीच्या नांवें एक वही घालावी. तींत तारीख, मीटरचा आंकडा, केलेलें काम व दिलेला पैसा लिहीत जावें. वर्षाअखेर बेरीज करून ती बऱ्या गाडीच्या वर्षाच्या हप्त्यांशीं ताडून पाहावी. बेरीज लहान आहे आणि सांगाडा शाबूत आहे, तोंवर जुनी गाडी खुशाल ठेवावी. एंजिन पुन्हा बांधतां येतें. गंजानें पोखरलेला सांगाडा मात्र पत्र्याचीं ठिगळें लावून उभा राहत नाहीं. तो गेला, कीं गाडीचा निरोप घ्यावा, आणि तिचे चांगले भाग दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडूं द्यावे.

या विद्येचा खरा धनी गांवोगांवचा मिस्त्री आहे. आवाजावरून बेअरिंग ओळखणारा, बोटानें चांचपून झीज सांगणारा हा माणूस बहुधा शाळेंत फार शिकलेला नसतो. संगणकानें चालणाऱ्या नव्या गाड्या येत आहेत, तसतसें त्याच्या हातचें काम कमी होत आहे, आणि त्याचीं मुलें दुसऱ्या धंद्याकडे वळत आहेत. पुढल्या पिढींत ही विद्या टिकावी असें वाटत असेल, तर गाडीच्या मालकानेंही आपली एक संवय सोडली पाहिजे. चांगला मिस्त्री तो नव्हे, जो म्हणाल तें जुळवून देतो, चांगला मिस्त्री तो, जो ब्रेकवर हात ठेवून सांगतो, "साहेब, हें नवें आणा, जुनें मी बसविणार नाहीं." त्या वेळीं मालक रागावून दुसऱ्या दुकानीं जातो, आणि दुसऱ्या दुकानीं होकार देणारा कोणी तरी भेटतोच. नकार देणाऱ्याचा धंदा असा बुडतो. त्याचा नकार ऐकून घेणें आणि त्याला त्याची मजुरी पुरती देणें, हीच जुन्या मोटारीवरची सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.