गांजाची केस आणि फॉर्ममधला रकाना

(रायपूरमधल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एका दादांचा फोन आला. म्हणाले, "ताई, विहाराच्या हॉलमध्ये गांजावर बोलायचं? आईवडील येणार आहेत." त्यांचं चुकलं नव्हतं. पंचशीलातलं पाचवं शील आपण सगळे म्हणतो. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या शेजारच्या सतनामी वस्त्यांमध्ये गुरू घासीदासांनी दोनशे वर्षांपूर्वी नशा सोडायला सांगितलं, आणि ते सांगणं हा त्या समाजाच्या स्वाभिमानाचा पाया झाला. त्यामुळे आधीच सांगते. गांजा ओढा असं मी म्हणणार नाही. मी ओढत नाही, आणि ज्या घरात बाप दारूत गेला त्या घरातली पोरं नशेबद्दल काय बोलतात तेही मला माहीत आहे. पण शील आपण स्वतः घेतो. पोलीस ठाण्यातला पंचनामा आपण घेत नाही. तो आपल्यावर होतो, आणि कोणावर होतो हा आजचा प्रश्न आहे.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते. नाव घेत नाही, तो अजून नोकरी शोधतोय. बी.एस्सी. झालेला, घरातला पहिला पदवीधर. एका रात्री तीन मित्रांबरोबर मैदानाच्या कडेला बसलेला असताना पोलिसांची गाडी आली. एकाच्या खिशात पुडी सापडली. चौघांनाही नेलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात कोणीतरी सल्ला दिला, "कबूल कर, दंड भर, घरी जा. लढलास तर दोन वर्षं पेशीला येशील." त्याने कबूल केलं. मावशीने कानातले गहाण ठेवून दंड भरला. घरात सगळ्यांना वाटलं, संपलं.

दोन वर्षांनी एका भरतीत तो लेखी परीक्षा पास झाला, मैदानी चाचणी पास झाला. मग पडताळणीचा फॉर्म आला. त्यात तो रकाना असतो: आपल्याला कधी अटक झाली आहे का, आपल्यावर खटला चालला आहे का, शिक्षा झाली आहे का. त्याने 'नाही' लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं असं त्याला खरंच वाटत होतं. पण गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी, हे त्याला कोर्टात कोणी सांगितलं नव्हतं. निवड रद्द झाली. कारण दिलं, माहिती लपवली.

आता कायद्याकडे येते. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येच्या बाहेर. म्हणून भांग या कायद्यात येत नाही, ती राज्यांच्या आबकारी खात्याकडे आहे. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं आहेत. म्हणजे एकाच झाडाचं पान सणाचा प्रसाद आणि फूल जेल. हा फरक निव्वळ औषधशास्त्राने केलेला नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पानं वगळली गेली, त्यामागे भारताचा आग्रह होता. भांगेला होळी आणि शिवरात्रीची प्रतिष्ठा होती. मजुराच्या चिलमीची बाजू घेणारं तिथे कोणी नव्हतं. गांजाला धर्माची प्रतिष्ठा नाही असंही नाही म्हणा. माघात राजिमच्या मेळ्याला जा, साधूंच्या मांडवात चिलीम फिरताना दिसेल, आणि शेजारी बंदोबस्ताचे पोलीस उभे असतील. तिथे पंचनामा होताना मी पाहिलेला नाही.

आणि दारू? २०१७ पासून छत्तीसगडमध्ये दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करतं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत आपलं राज्य होतं. त्याच सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक वर्षभरात कधी ना कधी भांग, गांजा किंवा चरस घेतात. त्यांतले जास्त लोक भांगवाले आहेत, ज्यांना कोणी पकडत नाही.

इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये या विषयावर मोठा आयोग नेमला होता, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. आपलं रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि या प्रांतातली गांजाची परवान्याची शेती खांडव्याकडे, निमाडात होती. हजारावर साक्षी झाल्या. आयोग म्हणाला, माफक सेवनाने फारसा अपाय नाही, बंदी नको, कर लावा. इंग्रजांना महसूल हवा होता, त्यांचं कौतुक करायचं कारण नाही. पण साक्षीदारांची यादी चाळून बघा: अधिकारी, डॉक्टर, वकील, जमीनदार, मिशनरी. ओढणारा आणि पिकवणारा त्या वह्यांमध्ये बहुतेक 'त्यांच्याविषयी' म्हणूनच येतो. सव्वाशे वर्षांनंतर धोरणांवर चर्चासत्रं होतात तिथेही हेच चित्र असतं. मीही अशा चर्चासत्रांना जाते, म्हणून बोलते.

मावसभावाची केस एका पुडीची होती. रायपूरची मुख्य गोष्ट वेगळी आहे. ओडिशातल्या डोंगराळ जिल्ह्यांतून माल निघतो, टिटलागड-महासमुंदच्या रेल्वेने किंवा सरायपालीच्या हायवेने रायपूरला येतो आणि पुढे नागपूर, मुंबई, उत्तरेकडे जातो. पिकवतो डोंगरातला आदिवासी शेतकरी. आपल्या महाराष्ट्रात शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशीही पोलीस वरचेवर गांजाची शेतं उपटतात, तिथेही कसणारा आदिवासीच असतो. बॅग घेऊन जनरल डब्यात बसतो तो कॅरियर: कधी बेरोजगार पोरगा, कधी दोन लेकरांची आई. एका खेपेचे ठरलेले पैसे. ज्याच्या पैशावर माल फिरतो तो बॅगेला हात लावत नाही, आणि कायदा पकडतो बॅगेला. ताब्यात सापडलं की तुला माहीत होतं असं गृहीत धरायचं, हे कलम ३५ आणि ५४ मध्ये लिहिलेलं आहे. माहीत नव्हतं हे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर.

मग वजनाचा खेळ. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत शिक्षा. वीस किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण, किमान दहा वर्षं आणि किमान एक लाख दंड. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाण लागलं की कलम ३७ येतं: आरोपी निर्दोष असल्याचं मानायला वाजवी आधार आहे असं न्यायाधीशांना वाटलं तरच जामीन. खटला सुरूही झालेला नसताना निर्दोषत्व पटवायचं! त्यामुळे वजन करताना देठ, पानं, बिया धरल्या की नाही यावर माणसाची दहा वर्षं टांगलेली असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच मुद्द्यावर एकाला जामीन दिला होता. पण हा मुद्दा मांडायला पंचनामा वाचणारा वकील लागतो.

आणि समजा जामीन मंजूर झालाच, तर जमानतदार कुठून आणणार? आपल्या राज्यातल्या कोर्टांत जमानतदार काय घेऊन येतो ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ऋणपुस्तिका. म्हणजे जमिनीचा कागद. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जमीन मिळाली नाही त्यांनी नातवाच्या जामिनासाठी जमीन दाखवायची. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा कागद शोधत नागपूर-भंडाऱ्याच्या चकरा मारलेली आपली घरं आहेत. कागद नसणं म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. फील्डवर्कमध्ये मला असे लोक भेटले ज्यांचा जामीन झाला होता, पण जमानतदार नसल्यामुळे ते पुढचे कित्येक आठवडे आतच होते.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. अनुसूचित जाती लोकसंख्येत १६.६ टक्के, पण तुरुंगात दर पाचांपैकी साधारण एक. सरकारी अहवालात कैद्यांची जात वेगळी छापतात आणि गुन्ह्याचा प्रकार वेगळा छापतात. एनडीपीएसमध्ये कोणत्या जातीचे किती, हे कोष्टक त्यात नसतं. जातनिहाय जनगणनेची मागणी करतो तशी या एका कोष्टकाचीही मागणी आपण करायला हवी. सध्या जे कळतं ते छोट्या अभ्यासांतून. विधी सेंटरने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या २०१७ आणि २०१८ च्या दहा हजारांहून अधिक केसेस पाहिल्या. जवळपास सगळ्या स्वतःच्या सेवनाच्या होत्या, बहुसंख्य गांजाच्या, आणि पकडलेले मुख्यतः रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे. मलबार हिलवर कोणी ओढत नाही असं यावरून समजायचं का? बंद दाराच्या आत ओढलेलं दिसत नाही. ज्याला घरात एकांत नाही तो मैदानात बसतो, आणि मैदानात गाडी येते.

न्यायालयांनी हे अजिबात ओळखलेलं नाही असं नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्याच एका प्रकरणात सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या कच्च्या कैद्याला जामीन दिला. खटला लांबत असेल तर कलम ३७ आड येऊ शकत नाही असं म्हटलं. आरोपी गरिबातला गरीब असेल तर रोजगार लगेच जातो, कुटुंबं विखुरतात, हेही त्या निकालात नोंदवलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली. झाडू कोणाच्या हातात आणि स्वयंपाक कोणाकडे, हे तोपर्यंत काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये लिहिलेलं होतं. प्रजासत्ताकाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी.

परदेशाचं थोडं सांगते. अमेरिकेत काळे आणि गोरे गांजा साधारण सारखाच ओढतात, पण एसीएलयू या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार जवळ बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्यांसाठी ३.६४ पट. म्हणून काही राज्यांनी गांजा कायदेशीर करताना जुने गुन्हे पुसायची तरतूद केली. न्यूयॉर्कने मार्च २०२१ च्या कायद्यात कराचा ४० टक्के वाटा जास्त झळ बसलेल्या वस्त्यांसाठी ठेवला आणि निम्मे परवाने वंचित गटांना द्यायचं उद्दिष्ट लिहिलं. दुकानांचे पहिले परवाने ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरच्यांवर गांजाच्या केसेस होत्या त्यांच्यासाठी होते. ऐकायला आरक्षणासारखं वाटतं ना? पुढे काय झालं तेही आपल्या ओळखीचं आहे. कोर्टकचेरी झाली, वाटप अडकलं, भांडवल नसलेल्यांना परवाना मिळूनही दुकान उघडता येईना.

इथली दिशा मला जास्त काळजीत टाकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या शेतीला परवाना दिला. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये नियंत्रित शेतीच्या बाजूचा अहवाल स्वीकारला. २०२० च्या संयुक्त राष्ट्रांच्या मतदानात भारताने गांजाला सर्वात कडक यादीतून काढण्याच्या बाजूने मत दिलं. म्हणजे धंदा म्हणून दार किलकिलं होतंय. आणि सेवन करणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये, ही सामाजिक न्याय मंत्रालयाची २०२१ मधली शिफारस? त्या वर्षीच्या दुरुस्तीत फक्त कायद्याच्या मसुद्यातली एक चूक सुधारली गेली.

मोहाचं काय झालं आठवा. मोह आदिवासींचा. आबकारी कायद्याने त्याला गुन्हा केलं, घरापुरती सूट ठेवली आणि त्या सुटीच्या कडेकडेने पिढ्यान्पिढ्या केसेस घातल्या. आदिवासींवरचे असे खटले तपासायला २०१९ मध्ये आपल्या राज्याला निवृत्त न्यायमूर्ती पटनायक यांची समिती नेमावी लागली. आणि शेजारच्या मध्य प्रदेशात तीच मोहाची दारू आता 'हेरिटेज' म्हणून बाटलीत विकली जाते. गांजाचंही असंच होईल. कंपनीच्या तेलाच्या बाटलीवर पानाचं चित्र असेल आणि माझा भाऊ रकान्यात काय लिहू म्हणून विचारत असेल. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी अल्प प्रमाणाची अटक बंद करा आणि जुन्या नोंदी पुसा. परवान्यांचं मग बघू, आणि त्यात पहिला हक्क ज्यांची शेतं उपटली गेली त्यांचा.

कायदा बदलेपर्यंतचं थोडं लिहून घ्या, कारण हे कोणी सांगत नाही.

कोर्टात कोणीही 'कबूल कर' म्हणालं तर आधी विचारा, कलम कोणतं लावलंय? कलम २७, म्हणजे सेवन, असेल तर गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्यात प्रोबेशन सहसा मिळत नाही, पण कलम ३३ मध्ये २७ ला अपवाद आहे. प्रोबेशनवर सुटका मागता येते. तशी सुटका झाली तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, नोकरी देणारा तिचा विचार करू शकतो; पण सरळ दंड भरण्यापेक्षा ही जागा बरी. आणि पोलिसांनी सेवनाऐवजी कलम २० लावलं असेल तर हा रस्ता जवळजवळ बंद होतो. व्यसनी माणसासाठी कलम ३९ मध्ये उपचाराच्या अटीवर सुटका आहे, एवढंच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतल्या माणसांना तो हक्क आहे, उत्पन्न काहीही असो.

आणि तो रकाना. खरं लिहा. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय की किरकोळ गुन्हा खरेपणाने सांगितला असेल तर नियुक्ती देणाऱ्याने सगळी परिस्थिती बघून ठरवावं. लपवल्यावर मात्र बाजू फार कमकुवत होते. माझ्या भावाला हे कळलं तोवर फॉर्म जाऊन सात महिने झाले होते. त्याने निवड रद्द झाल्याविरुद्ध अर्ज केला आहे, पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे.

प्रश्न असतील तर घेते. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी नंतर बाहेर भेटा, मी सहापर्यंत आहे. आरोपपत्राची किंवा निकालाची प्रत असेल तर सोबत आणा.